दुकानातली मीड आणि घरची मीड: शेजारी ठेवून चव कशी घ्यायची

माझा मामेभाऊ, आमचा दादा, अमेरिकेत मिशिगनला असतो. काही वर्षांपूर्वी त्याने तिकडे घरी मीड करायला सुरुवात केली आणि तेव्हापासून इंदूरला येताना त्याच्या सामानात दोन बाटल्या असतातच, एक त्याची स्वतःची आणि एक तिकडच्या दुकानातली, म्हणजे आम्हाला दोन्ही शेजारी ठेवून चाखता याव्यात. ज्यांना मीड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मध पाण्यात कालवून त्यात यीस्ट घालून आंबवलं की जे तयार होतं ती मीड, द्राक्षाच्या जागी मध असलेली वाइन समजा. शब्दही आपल्या ओळखीचाच आहे, आपलं मधु आणि इंग्रजीतलं मीड ही एकाच जुन्या मुळाची भावंडं आहेत.

बाटल्या उघडल्या की सगळे एकच विचारतात, कुठली चांगली, दुकानातली की घरची? आणि एक घोट घेऊन निकालही देऊन टाकतात. पहिल्या वर्षी आम्हीही तेच केलं आणि तो निकाल साफ चुकीचा होता, हे मला वर्षभराने कळलं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं असं की गोडी आणि मध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नवीन माणूस चाखताना गोडीच मोजत बसतो आणि मध त्याच्या हातून निसटतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या तेवढ्यासाठीच आहेत.

आधी कायद्याचं

मध्य प्रदेशात परवान्याशिवाय घरी दारू बनवणं गुन्हा आहे, आबकारी अधिनियम १९१५ चा आहे, मीडही त्यात आलीच, तेव्हा हे वाचून कोणी घरात बरणी लावू नका. अमेरिकेत फेडरल कायद्याने घरापुरती करता येते, घरात एकच प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन, विकायची मात्र नाही. म्हणजे घरची बाटली आपल्याकडे येणार ती तिकडे राहणाऱ्या कोणाकडून तरीच. भारतात येताना प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य ड्यूटी न भरता आणता येतं, ७५० मिलीच्या दोन बाटल्या त्यात आरामात बसतात. आपल्याकडे प्यायचं कायदेशीर वय २१ आहे. आणि वडोदऱ्याला माझं सासर आहे, गुजरातेत दारूबंदी आहे, तिथे हा कार्यक्रम करायचाच नाही आणि बाटली घेऊन पण जायची नाही, ती मंडळी इंदूरला येतात तेव्हाच बसतो आम्ही.

पायरी पहिली: मीडच्या आधी मध

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. मीड उघडायच्या दोन-तीन दिवस आधी घरी बसून नुसता मध चाखा. चार वाट्या घ्या. एकीत साखरेचं पाणी, एकीत मधाचं पाणी, अर्धा ग्लास साध्या पाण्याला एक चमचा पुरे, गरम पाणी नको. तिसरीत लिंबू पिळलेलं पाणी बिनसाखरेचं, आणि चौथीत कोरा चहा, जरा जास्त उकळलेला आणि गार केलेला. लिंबू म्हणजे आंबटपणा, आणि चहाने हिरड्यांना जे कोरडं, आवळल्यासारखं वाटतं ते टॅनिन, तो तुरटपणा. मीडमध्ये हे दोन्ही भेटतात आणि नवीन माणसाला ते ओळखू येत नाहीत, त्याला फक्त "काहीतरी कमी आहे" असं वाटतं.

आता खरी गंमत. नाक दोन बोटांनी घट्ट दाबून धरा आणि साखरेच्या पाण्याचा घोट घ्या, मग नाक तसंच दाबून मधाच्या पाण्याचा. बहुतेकांना दोन्ही जवळपास सारखीच लागतात, फक्त गोड. मग घोट तोंडात असतानाच नाक सोडा. एकदम फूल, मेण, गवत, जे काही त्या मधात असेल ते घशाच्या मागून नाकात चढतं. आमच्याकडे माझ्या नवऱ्याला हे करून दाखवलं तेव्हा तो वाटी हातात धरून बसूनच राहिला, पुन्हा नाक दाबलं, पुन्हा सोडलं, असं चार वेळा केलं. गोडी जिभेला कळते, मध नाकाला कळतो. हे एकदा स्वतः अनुभवलंत की मीड चाखणं निम्मं आलंच.

जमलं तर दोन-तीन वेगवेगळे मध घ्या. आपल्याकडे मुरैना-ग्वाल्हेर पट्ट्यात मोहरीचा मध भरपूर निघतो, थंडीत तो लवकर रवा धरतो, पांढरट, थिजलेल्या तुपासारखा दिसतो, आणि लोक भेसळ समजून परत करतात, जे अगदी चुकीचं आहे, मध रवा धरतोच. महाबळेश्वरकडचा जांभळाचा मध मिळाला तर बघा, रंगाने गडद, गोडीच्या मागे हलका कडवटपणा. धण्याच्या फुलावरचा मध मिळाला तर तोही घ्या. तीन मध तीन चमच्यांत शेजारी ठेवले की कळतं की "मधाची चव" अशी एक चव नाहीच, त्या त्या फुलाची चव असते. आणि मीडमध्ये साखर यीस्ट खाऊन टाकतं, मागे उरतं ते हेच.

आमची आत्या पीत नाही, पण वास ओळखण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. लहानपणी गावाकडे आमराईत आग्याची पोळी उतरवलेली तिने पाहिलीयेत. तिचं पुढे येईलच.

पायरी दुसरी: जोडी जुळवा

पहिल्या वर्षी आमची चूक इथे झाली. दादाने आणलेली दुकानातली बाटली होती रास्पबेरी घातलेली, चांगलीच गोड, आणि त्याची घरची होती नुसत्या मधाची, कोरडी म्हणजे साखर जवळजवळ संपलेली, आणि जेमतेम सहा महिन्यांची. हे म्हणजे श्रीखंड आणि ताक शेजारी ठेवून कुठलं चांगलं विचारण्यासारखं झालं. सगळ्यांनी दुकानातलीला मत दिलं, दादा काही बोलला नाही, मला मात्र त्याचा पडलेला चेहरा अजून आठवतो.

म्हणून आधी लेबल वाचा आणि घरची असेल तर करणाऱ्याला विचारा. चार गोष्टी जुळायला हव्यात.

पहिली, प्रकार. नुसता मध, पाणी आणि यीस्ट असेल तिला ट्रॅडिशनल म्हणतात. फळं घातली की मेलोमेल, सफरचंदाच्या रसाची असेल तर सायझर, मसाले किंवा वनस्पती असतील तर मेथेग्लिन, आणि मध आधी कढईत जाळून कॅरॅमलसारखा करून घेतला असेल तर बोशे. नवीन माणसाने ट्रॅडिशनलच घ्यावी, फळामसाल्यात मध झाकला जातो आणि मग आपण रास्पबेरीची तुलना करत बसतो.

दुसरी, गोडी. तिकडे स्पर्धांचे परीक्षक हायड्रोमीटरच्या, म्हणजे द्रवाची घनता मोजायच्या नळीच्या, शेवटच्या आकड्यावरून ठरवतात, १.०१० पर्यंत कोरडी, १.०१० ते १.०२५ मध्यम गोड, त्याच्या वर गोड. दुकानातल्या बाटलीवर हा आकडा बहुधा नसतो, ड्राय, सेमी-स्वीट असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यावर भागवा. घरी करणाऱ्याच्या वहीत आकडा असतोच, विचारलं की खूश होऊन सांगतो.

तिसरी, अल्कोहोलची टक्केवारी. साडेतीन ते साडेसात टक्के म्हणजे हलकी, साडेसात ते चौदा नेहमीची, त्याच्या वर अठरापर्यंत जड. आपल्याकडे पुण्याची मूनशाइन आणि नाशिकची सेराना या मीड करणाऱ्या कंपन्या आहेत, (सेराना हे नाव आपल्या सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नावातलं आहे, मला ते फार आवडतं.) आता बीयरसारख्या बाटलीतली, फसफसणारी हलकी मीड तुम्ही घेतलीत आणि शेजारी दादाची तेरा टक्क्यांची बिनफसफसती ठेवलीत तर ती तुलना होतच नाही. हलकी चाखायची असेल तर दोन हलक्या एकमेकींशी बघा.

चौथी, वय. घरची बाटली वर्षाच्या आतली असेल तर थांबा. खरंच थांबा. यावर पुढे बोलते.

आणि एक, मागचं लेबल बारकाईने वाचा. काही बाटल्या मीड म्हणून विकल्या जातात पण आत द्राक्षाची वाइन असते आणि वरून मध घातलेला असतो. प्यायला वाईट नसते, पण ती मीड नाही, तुलनेला घेऊ नका.

पायरी तिसरी: दिवस, जागा, ग्लास

पहिल्या वर्षी आम्ही बसलो ऐन दिवाळीच्या संध्याकाळी. स्वयंपाकघरातून चिवड्याच्या फोडणीचा वास, बाहेर फटाक्यांचा धूर, अंगाला उटणं, देवघरात उदबत्ती, आणि समोर ताटलीत लसूण सेव, कारण इंदूरात कुठलंही काम सेवेशिवाय सुरू होत नाही. अशात नाकाला काय कळणार होतं! दुसऱ्या खेपेला दादा डिसेंबरमध्ये आला तेव्हा आम्ही शहाणपणाने सकाळी अकराची वेळ धरली, नाश्त्याचे पोहे होऊन दोन तास झालेले, घरात फोडणी नाही, अत्तर नाही, उदबत्ती नाही. कोणाला गाडी चालवत कुठे जायचं नव्हतं हेही बघितलं होतं.

खायला मध्ये मध्ये काय द्यायचं, तर साधे परमल, म्हणजे कुरमुरे. नुसते, मीठ-तिखट काही न लावलेले. जिभेवरचं पुसून काढायला त्यासारखं दुसरं काही नाही, आणि घोटभर साधं पाणी. सेव, गराडू, चाट, जे काय सराफ्यात जाऊन खायचंय ते नंतर.

ग्लास काचेचे, पोटाला रुंद आणि तोंडाला जरा निमुळते, म्हणजे वास आत कोंडून राहतो. स्टीलचे पेले नकोत. ग्लास आदल्या दिवशी धुऊन नुसत्या गरम पाण्याने परत विसळा, भांड्याच्या लिंबूवाल्या साबणाचा वास काचेला चिकटून राहतो आणि मग सगळेच म्हणतात, वा, लिंबाचा सुगंध. सगळ्यांचे ग्लास सारखेच हवेत.

गारवा फार महत्त्वाचा. फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतलीत तर वास झोपलेला असतो आणि नुसती गार गोड लागते. बिनफसफसती मीड साधारण १० ते १४ अंशांवर चांगली बोलते, म्हणजे फ्रिजमधून काढून थंडीत अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, मे महिन्यात इंदूरच्या उकाड्यात दहा-पंधरा मिनिटं खूप झाली. फसफसणारी हलकी मात्र जरा गारच बरी. दोन्ही बाटल्या एकाच वेळी फ्रिजमध्ये गेल्या पाहिजेत आणि एकाच वेळी बाहेर आल्या पाहिजेत, एक गार आणि एक कोमट असेल तर कोमटवालीचाच वास जास्त येणार, मग ती कुठलीही असो.

पायरी चौथी: झाकून चाखणं

बाटल्या दिसता कामा नयेत. ज्याला पाहुण्याची बाजू घ्यायची असते तो घेतोच, आणि ज्याला महागाचं लेबल दिसतं त्याला ती महागच लागते. एकाने आत जाऊन ओतायचं आणि बाकीच्यांनी बाहेर बसायचं. ग्लासाखाली चिठ्ठी. प्रत्येकाला ३० मिलीच्या आसपास, जास्त नाही, चव घ्यायचीये, पार्टी नाही.

आम्ही तीन ग्लासांचा खेळ करतो, दोनात एकच मीड आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास कुठला ते ओळखायचं. यात एक कळतं की मुळात फरक जाणवतोय का. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर येतो, म्हणून सहा जणांत दोघांनी ओळखलं तर त्याला अर्थ नाही, सहांत पाच जणांनी ओळखलं की समजायचं फरक खरा आहे. डिसेंबरच्या त्या सकाळी आम्ही सहा जण होतो आणि चाखणाऱ्या पाचही जणांनी ओळखलं. सहावी आत्या, ती पीत नाही म्हणून तिने नुसते वास घेतले आणि तिने तर सगळ्यात आधी बोट ठेवलं.

क्रम पण सांभाळायचा. एकाहून जास्त जोड्या असतील तर कोरडीकडून गोडीकडे जायचं, हलकीकडून जडकडे. आधी गोड प्यायलात तर नंतरची कोरडी पाण्यासारखी आंबट लागते. आणि एका बैठकीत चारच्या वर नको, नवीन माणसाची जीभ त्यापुढे काही सांगत नाही.

पायरी पाचवी: बघणं, हुंगणं, घोट

ग्लास खिडकीच्या उजेडात धरा. दुकानातली बहुधा लख्ख दिसते, काचेसारखी, कारण ती गाळलेली असते. घरची जराशी धुरकट असू शकते. धुरकट म्हणजे खराब नाही, फक्त यीस्ट किंवा मधातली प्रथिनं अजून तरंगतायत. या गोष्टीचे गुण कापू नका.

मग हलवायच्या आधी एकदा हुंगा. मग ग्लास हलकेच फिरवून परत हुंगा. दीर्घ श्वास नको, छोटे छोटे दोन-तीन, आणि मध्ये स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, नाक परत जागेवर येतं. मनात एकच प्रश्न, कुठलं फूल, कुठला मध? "छान", "गोड" हे शब्द बाद. गवत, मेण, संत्र्याची साल, खजूर, गूळ, चाफा, ओलं लाकूड, जे आठवेल ते बोला, चूक-बरोबर काही नाही. पहिल्या वर्षी आत्या दादाच्या मीडबद्दल म्हणाली होती, "याला पोळ्याच्या मेणाचा वास येतोय रे," आणि कोणी लक्षच दिलं नव्हतं. खरं म्हणजे त्या दिवसाचं सगळ्यात नेमकं वाक्य तेच होतं.

घोट छोटा घ्या, तोंडभर फिरवा, गिळताना नाकाने श्वास सोडा. पाच गोष्टी क्रमाने बघा. गोडी किती. आंबटपणा तिला सावरतोय का, नुसत्या गोडीला आंबट नसलं की ती पाकासारखी जिभेवर बसते. तुरटपणा आहे का. घसा जळतोय का. आणि गिळल्यावर किती वेळ काय उरतं, हे मनातल्या मनात आकडे मोजून बघा, दहापर्यंत मोजून झालं तरी मध जाणवत असेल तर ती चांगली मीड. मग परमल, पाणी, आणि दुसरा ग्लास. लगेच वहीत लिहून ठेवा, एकमेकांशी बोलायच्या आधी. एकाने "सफरचंद" म्हटलं की सगळ्यांना सफरचंदच यायला लागतं.

फरक येतो कुठून

हे समजलं की चव समजायला सोपं जातं म्हणून थोडं लांबून सांगते. दुकानात विकायची बाटली आज, उद्या आणि दोन वर्षांनी सारखीच लागली पाहिजे, गोदामात उभी राहिली पाहिजे, ट्रकमधून गेली पाहिजे. म्हणून ती बारीक गाळतात, कोणी पाश्चराइज करतात, सल्फाइट घालतात, आणि गोड ठेवायची असेल तर आंबवणं थांबवून वरून परत मध घालतात, सोबत सॉर्बेट, म्हणजे बाटलीत यीस्ट पुन्हा उठायला नको. (सल्फाइटचा दम्याच्या काही लोकांना त्रास होतो, लेबल बघून घ्या.) वरून घातलेला मध आंबलेला नसतो, त्यामुळे पहिल्या घोटातच मध आणि गोडी एकदम समोर येते आणि नवीन माणूस तिथेच जिंकला जातो. बारीक गाळण्यात कधी कधी थोडा वास आणि भरीवपणाही जातो. पण दुकानातलीचं मोठं बळ म्हणजे सफाई. तापमान मशीन सांभाळतं, यीस्टला खाणं मोजून दिलेलं असतं, वेगवेगळ्या टाक्या मिसळून चव जुळवलेली असते. कुठेही टोचत नाही.

घरची म्हणजे एकच बरणी. दादाची पद्धत अशी, एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, तीन पाउंड, जवळपास १.३६ किलो मध, एकाच मधमाशीपालकाकडचा, न उकळलेला. जुन्या पद्धतीत मध-पाणी उकळून साय काढायचे, तो म्हणतो उकळलं की फुलाचा वास वाफेबरोबर जातो, म्हणून नुसता कोमट पाण्यात विरघळवतो. मधात यीस्टला लागणारं नायट्रोजन फारच कमी असतं, त्यामुळे वेगळं खाणं द्यावं लागतं, थोडं थोडं, पहिले काही दिवस. ते कमी पडलं किंवा खोली तापली की यीस्ट चिडतं आणि नको ते वास सोडतं. त्याच्या पहिल्या खेपेत नेमकं हेच झालं होतं, घरात उन्हाळ्यात बरणी तापली, आणि सहा महिन्यांची ती मीड आमच्या घशाला जाळत होती.

आता वयाचं. जळजळणारी, आडवीतिडवी तरुण मीड वर्ष-दीड वर्ष बाटलीत पडून राहिली की बरीच निवते. दादाने त्याच खेपेतली एक बाटली मुद्दाम बाजूला ठेवली होती आणि ती डिसेंबरमध्ये घेऊन आला, तेव्हा ती दोन वर्षांची व्हायला आली होती. तीच बरणी, तोच मध. जाळ जवळजवळ गेला होता आणि जिथे जाळ होता तिथे आता मेण आणि सुकलेल्या गवताचा वास होता. म्हणून मी म्हणते की वर्षाच्या आतल्या घरच्या मीडवर निकाल देऊ नका, ती अजून झालेलीच नसते. लोणचं घातल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी चव ठरवतं का?

दोष ओळखायला शिका, कारण घरची म्हणून सगळं माफ नाही

सडलेल्या अंड्याचा वास आला तर गंधकाचा वायू, यीस्टला खाणं कमी पडलं. हलका असेल तर ग्लास फिरवल्यावर दहा मिनिटांत उडून जातो, थांबून बघा. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा तीव्र वास म्हणजे बहुधा मीड कच्ची आहे. नेलपॉलिशचा वास किंवा व्हिनेगरचा झटका आला तर ती बिघडलीये, ती थांबून सुधारणार नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागली, हे जुन्या दुकानातल्या बाटलीतही सापडतं, उन्हात शोकेसमध्ये उभी असलेली बाटली म्हणून घेऊच नका. इडलीच्या पिठासारखा, पावासारखा थोडा वास येत असेल तर यीस्ट खाली बसलंय, घरच्या बाटलीच्या तळाचे दोन बोटं तसेच सोडा, ओतू नका. गोडी आणि जाळ यांना दोष म्हणायची घाई नको, पण व्हिनेगरला कौतुकाने "नैसर्गिक" म्हणणं पण बरोबर नाही, दादालाही आम्ही एका बाटलीबद्दल तसं स्पष्ट सांगितलं आणि त्याने ती मुकाट्याने सिंकमध्ये ओतली.

पायरी सहावी: अर्ध्या तासाने परत

ग्लासात दोन घोट राखून ठेवा. अर्ध्या तासाने, मीड खोलीच्या उबेला आली की परत हुंगा आणि परत घोट घ्या, आणि आधी लिहिलेलं न बघता नव्याने लिहा. इथे पुष्कळ निकाल फिरतात. डिसेंबरची आमची जोडी व्यवस्थित जुळवलेली होती, दोन्ही ट्रॅडिशनल, दोन्ही कोरड्या, दोन्ही तेरा टक्क्यांच्या आसपास, दोन्हींमधला मध मिशिगनच्या रानफुलांचाच. पहिल्या फेरीत सहांपैकी चार मतं दुकानातलीला पडली, गुळगुळीत लागते, गोडी आणि आंबट बरोबर जमलंय. अर्ध्या तासाने तिची चव होती तिथेच होती, सुरेख पण तेवढीच. घरचीमध्ये मात्र एकामागून एक काहीतरी उलगडत होतं, आधी मेण, मग संत्र्याची साल, मग काहीतरी उन्हात वाळलेल्या चाऱ्यासारखं. मतं तीन-तीन झाली. माझं स्वतःचं मत विचाराल तर तोंडात दुकानातली चांगली आणि नाकात घरची, आणि मला नाकातली जास्त प्यारी आहे. तुमचं उलटंही असू शकतं, जेवणासोबत घ्यायची असेल तर मीही दुकानातलीच उघडेन.

उरलेल्या बाटल्यांना बूच लावून फ्रिजमध्ये उभ्या ठेवा आणि दोन-तीन दिवसांत परत एकदा चाखा, बिनफसफसती तेवढी टिकते, फसफसणारी त्याच दिवशी संपवलेली बरी.

पायरी सातवी: रिकामे ग्लास

ग्लास रात्री घासू नका. रिकामे तसेच उभे ठेवा, झाकू नका, कुठला कुणाचा ती चिठ्ठी खाली राहू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आणि अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि काचेवर पातळ थर उरतो, त्याचा वास घ्या. मधाचं खरं काय राहिलं ते तिथे कळतं, गोडी तर आता नाहीच मध्ये यायला.

आमच्याकडे सकाळी ओट्यावर बारा ग्लास रांगेत उभे होते. दुकानातलीच्या ग्लासांना हलका संत्र्यासारखा वास होता, बरा होता. मग आत्या आली, चष्मा न लावता एकेक उचलून हुंगत गेली, चौथ्या ग्लासाशी थांबली, परत हुंगला, चिठ्ठी न बघता म्हणाली, "हा त्याचा." चिठ्ठी बघितली तर दादाचीच होती, दोन वर्षांवाली. तेवढ्यात भांड्यांची बाई आली, तर आत्याने तो ग्लास उचलून देवघराच्या कोनाड्यात ठेवला आणि तिला म्हणाली, बाकीचे घे, हा एवढा उद्या घास.